चौदा फर्मे आणि वर सहा पानं

माझी कादंबरी सर्वांत आधी झेरॉक्सवाल्याच्या हातात पडली. त्यानं ती वाचली नाही, पण पानं मात्र सगळी बघितली. दोन्ही बाजूंनी.

मी हातानं लिहितो. एका बाजूला, समास सोडून, मागची बाजू कोरी. आणि आमच्या घरात पाठकोरा कागद कोरा राहिला, असं निदान माझ्या आठवणीत तरी झालेलं नाही. आत्या त्यावर दुधाचा हिशोब लिहिते. ‘सोम १ लि. मंगळ खाडा. बुध दीड, पाहूणे.’ दुकानातल्या पोराला मी म्हणालो, “सगळं काढ रे.” त्यानं सगळं काढलं. आपण काय बोलून बसलो, हे कळायला मला अकरा महिने लागले.

मी एका सहकारी बँकेत वसुली खात्यात होतो. कादंबरीच्या आधीचं माझं एकूण वाङ्मय म्हणजे थकबाकीच्या नोटिसा. पण त्यांना वाचक हमखास मिळायचा आणि पोचपावती सहीनिशी परत यायची. पुढे साहित्यक्षेत्रात इतका मान मला कधी मिळाला नाही.

लेखकांच्या मुलाखतींत पहाट असतेच, म्हणून मीही साडेचारचा गजर लावला. पावणेपाचला आत्या उठायची. वय चौऱ्याऐंशी, वडिलांची थोरली बहीण, घराचा सगळा कारभार तिच्याकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दिवा लावून बसलेला भाचा पाहून पहिल्या आठवड्यात तिनं दुधात जायफळ उगाळून दिलं. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचं नाव काढलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “कर्जबिर्ज तर नाही ना काढलं त्यानं?”

शेवटी सांगावंच लागलं. जरा वजन यावं म्हणून म्हणालो, “आत्या, मराठीतली पहिली कादंबरी बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिली. तेव्हापासूनची परंपरा आहे ही.”

“सत्तावन्न साली?” ती म्हणाली. “त्या वर्षी लोकांना दुसरी कामं होती.”

‘प्रेरणा कुठून मिळाली?’ असं पुढे दोघातिघांनी विचारलं, तेव्हा मी बालपण, पेठेतला वाडा, पावसाळे वगैरे सांगितलं. खरं सांगायचं तर प्रेरणा गॅसपाशी उभी असायची. माझा नायक वाड्यात एकटा राहणारा, अबोल, खोल वगैरे माणूस होता. त्याचं पुढे काय करायचं ते सुचेना की मी वर बघायचो. समोर आत्या दुधाची पिशवी कापत असायची. कोपऱ्यात बारीकशी चीर, तुकडा पिशवीला लटकत ठेवायचा. दूध पातेल्यात ओतून झालं की पिशवीत घोटभर पाणी घालून ती विसळायची, ते पांढुरकं पाणी पातेल्यात जायचं, मग आणखी एकदा. नंतर पिशवी नळाच्या तोटीवर उलटी. हे मी लिहून काढलं आणि कादंबरीत ताराआत्या आली. सातव्या प्रकरणापर्यंत तिनं वाडा ताब्यात घेतला होता. अबोल नायक तिच्यासमोर अधिकच अबोल झाला. एका घरात दोन कारभारी नांदत नाहीत, म्हणून एकोणिसाव्या प्रकरणात मी ताराआत्येला मारलं. मुसळधार पाऊस, कंदील, सहा पानं. लिहिताना माझेच डोळे भरून आले. सहा पानं लिहून मी अंघोळीला गेलो.

आलो तर आत्या टेबलाशी. दुधाचा हिशोब लिहायला कागद उचलला होता आणि तो उलटून पाहिला होता.

“मला मारलंस?”

“तू नाहीस गं. तारा. काल्पनिक आहे सगळं.”

“पिशवी दोनदा विसळते ती काल्पनिक?” तिनं चष्मा काढला. “आणि मेले कशी, तर पावसात भिजून! मी कधी छत्रीशिवाय बाहेर पडलेय?”

व्यक्तिरेखेतल्या विसंगतीवर इतकं नेमकं बोट नंतर एकाही समीक्षकानं ठेवलं नाही. एकाही समीक्षकानं कादंबरी वाचलीच नाही, हे त्याचं एक कारण.

प्रकाशकांबद्दल फार बोलत नाही. पहिल्यांकडून ‘साभार परत’ आलं. मराठीत याच्याइतका सभ्य नकार दुसरा नसेल, बाहेर काढतानाही आभार मानतात. दुसऱ्यांनी तेवढेही श्रम घेतले नाहीत. तिसऱ्यांना कादंबरी न वाचताच आवडली, त्यांच्याकडे ‘लेखक सहभाग योजना’ होती आणि सहभाग चेकनं द्यायचा होता. चौथ्यांचं दुकान अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर. तिथून अकरा महिन्यांनी फोन आला आणि सोबत परीक्षकाचा अभिप्राय: ‘नायकाच्या एकाकीपणाला समांतर जाणारी दुधाची नोंदवही अत्यंत परिणामकारक. विशेषतः खाड्याचे दिवस सूचक. हा भाग कमी करू नये.’

मी दोनदा वाचलं. मग झेरॉक्सचा गठ्ठा काढून उलटापालटा केला, तेव्हा उलगडा झाला. प्रकाशक विचारत होते, “हे कसं सुचलं हो तुम्हाला?”

“बरेच दिवस डोक्यात होतं,” मी म्हणालो.

मग फर्मे आले. कादंबरी प्रकरणांत असते असा माझा समज होता. ती फर्म्यांत असते. एका फर्म्यात सोळा पानं, आणि पुस्तक फर्म्याच्या पटीत बसलं म्हणजे कागद वाया जात नाही. प्रकाशकांनी कॅल्क्युलेटर काढला. अर्पणपत्रिका, मनोगत धरून दोनशे तीस पानं. “चौदा फर्मे आणि वर सहा पानं,” ते डॉक्टर क्ष-किरण बघून बोलतात तसे म्हणाले. “सहा पानं काढा, नाहीतर दहा वाढवा.”

“दहा पानांत काय लिहू?”

“म्हणून म्हणतो, काढा.”

दुधाला हात लावायची सोय नव्हती, ते परीक्षकांना आवडलं होतं. नायकाला हात लावावा तर त्याचं मुळातच फार काही उरलं नव्हतं. सलग सहा पानं एकाच ठिकाणी होती. पाऊस, कंदील, एकोणिसावं प्रकरण. ताराआत्या वाचली. औषधानं नाही, नवसानं नाही, कागदाच्या भावानं.

मुद्रितशोधक निवृत्त शिक्षक होते. साहित्य महामंडळाचे १९६२चे शुद्धलेखनाचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ. त्यांनी आत्याच्या नोंदींतलं ‘दुध’ दीर्घ केलं, ‘पाहूणे’ ऱ्हस्व केले. तिसऱ्या प्रुफावर समासात लाल शाईनं प्रश्न होता: ‘मंगळवारी खाडा, तर महिन्याच्या बेरजेत मंगळवारचं दूध कसं?’

मी प्रूफ आत्याला दाखवलं. तिनं बोटांवर बेरीज केली, पदर खोचला आणि जिन्यात दूधवाल्याला गाठलं. दोन वर्षांपूर्वीच्या खाड्याचे अठ्ठावीस रुपये घेऊनच ती वर आली. कादंबरीची पहिली कमाई ती. पुढची अशी ठरली: किंमत ३२० रुपये, त्यावर दहा टक्के मानधन, प्रती ५००. सगळ्या खपल्या तर सोळा हजार. लेखकाला फुकट प्रती दहा. ‘आम्हाला सही करून दे हं!’ म्हणणारे नातेवाईक त्रेचाळीस. तेहतीस प्रती मी सवलतीत विकत घेतल्या आणि त्या महिन्यात माझ्या पुस्तकाचा सर्वांत मोठा ग्राहक मीच ठरलो. त्यातल्या त्यात एक प्रत सक्तीनं कोलकात्याला गेली. १९५४च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. म्हणजे बंगालमध्ये मी पोचलोय. आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर अजून नाही.

पुस्तक घरी आलं त्या दुपारी आत्या भिंग घेऊन खिडकीशी बसली. तीन दिवस ती वाचत होती. मधूनच एखादा हुंकार यायचा, तो कथेला होता की गुडघ्याला ते कळेना. चौथ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

“मी मेले नाही यात.”

“नाही.”

“पण एकशे एक्क्याऐंशी पानानंतर मी दिसतच नाही. गेले कुठे?”

मी फर्म्याचा हिशोब समजावून सांगितला. चौदा सोळे दोनशे चोवीस, कागद, बाइंडिंग, सगळं. हिशोब तिला लगेच पटतो. तिनं मान डोलावली, पुस्तक उलटं केलं आणि मागून एकेक पान बघू लागली. मजकूर, मजकूर, मजकूर.

“शेवटी एखादं कोरं पान तरी ठेवायचंस,” ती म्हणाली. “उद्या एक तारीख आहे.”