पाच कोंबड्या आणि एक पाइप

आमच्या घरात स्वच्छता म्हणजे पाणी. गॅलरी धुवायची, ओटा धुवायचा, गाडी धुवायची, गणपतीच्या आधी पंख्याची पाती उतरवून तीसुद्धा धुवायची, आणि पाणीकपात चालू असेल तर आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायच्या पण धुवायचंच. असल्या घरात वाढलेल्या माणसाने कोंबड्या पाळू नयेत. हे मला आधी कोणी बोललं नाही.

धायरीत आमच्या रो-हाउसच्या मागे पंधरा बाय आठ फुटांचा तुकडा आहे, शहाबादी फरशी घातलेला, तिथे मोडकी सायकल आणि मेलेल्या तुळशीच्या कुंड्या होत्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते सगळं हलवून जाळी-पत्र्याचं खुराडं केलं आणि पाच गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या. का, तर मुलीला अंडं कुठून येतं ते प्रत्यक्ष दिसावं. अंड्याचं दर्शन व्हायला दोन महिने लागले. बाकी काय कुठून येतं ते पहिल्या रात्रीतच दिसलं.

कोंबडी झोपेत शिटते. माणूस घोरतो तितक्या सहज. संध्याकाळी दांडीवर ओळीने बसल्या की सकाळपर्यंत तिथेच, त्यामुळे दिवसभराच्या मालापैकी निम्मा तरी त्या दांडीखाली ढिगाने मिळतो. मी पाइप लावला, आईने खराटा घेतला, बायकोने लांबून फिनेलची बाटली सरकवली आणि अर्ध्या तासात फरशी अशी चकाचक की तिथे पंगत बसवावी. दुपारी वास आला. दुसऱ्या दिवशी दोनदा धुतलं, वास दुप्पट. आठवडाभर आम्ही धूत होतो आणि वास वाढत होता आणि शेजारचे काका, जे एरवी संध्याकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, ते न बोलता खुर्ची आत घेऊन गेले. पुण्यात माणूस बोलला तर एकवेळ प्रकरण मिटतं, खुर्ची आत गेली की अवघड असतं.

शेवटी शिरूरकडे पोल्ट्री असलेल्या एका ओळखीच्याला फोन केला. तो हसायचाच थांबेना. "साहेब, धुताय कशाला? गादी टाका गादी!" मी फोन स्पीकरवर ठेवला होता ही चूक. मी फोन ठेवेपर्यंत आई माळ्यावरची कापसाची जुनी गादी काढायला स्टुलावर चढली होती.

गादी म्हणजे भुशाचा नाहीतर तुसाचा थर, चांगला पाच-सहा इंचाचा. शीट त्यात पडते, भुसा ओल पिऊन घेतो, कोंबड्या दिवसभर उकरून तीच शीट खाली-वर करतात आणि हळूहळू आतल्या आत सगळं कुजतं. आपण फक्त कोरडं ठेवायचं. त्याने समजावलं त्यात मला सगळ्यात धक्का बसला तो असा की कोंबडी मुततच नाही. शिटेच्या टोकाला जो पांढरा भाग दिसतो ना, युरिक ॲसिडचा, तेच तिचं मूत, एकाच दाराने सगळा कारभार. ते कोरडं राहिलं तर बिचारं गप्प असतं, ओल मिळाली की जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणजे आठ दिवस आम्ही पाइप लावून खुराडं धूत नव्हतो, अमोनियाचा कारखाना चालवत होतो, तोही महापालिकेच्या पाण्यावर.

भुशासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो आणि करवतीचा बारीक भुसा मिळाला तो दोन पोती भरून ॲक्टिव्हावर पुढे-मागे लादला. एक पोतं उसवलेलं निघालं. स्वारगेटपर्यंत मागचे लोक हॉर्न देत होते, मला वाटलं पुणंच आहे, देतात. घरी पोचलो तेव्हा दीड पोतं उरलं होतं आणि सिग्नलला माझ्या मागे असलेला एक गृहस्थ हळद लागल्यासारखा दिसत होता. शिवाय तो भुसा नको तितका बारीक, कोंबड्या टोचून खायला लागल्या, मी शिंकायला लागलो. मग रंध्याचा जाड भुसा आणला, त्यात मुळशीतल्या भातगिरणीचं तूस मिसळलं. मुळशीचा इंद्रायणी आपण वास घेऊन घेऊन निवडतो, त्याच्या तुसाला मात्र कोणी हुंगत नाही. मी हुंगतो. पोतं दमट असेल तर परत करतो.

जून कोरडा गेला. जुलैत पावसाची झड लागली आणि मी शहाणपणा करून खुराड्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री गच्च बांधली. पाऊस आत आला नाही, आतली वाफही बाहेर गेली नाही. ताज्या शिटेत चारातले तीन भाग पाणीच असतं, पाच जणी रात्रभर श्वास सोडतात, ते सगळं ताडपत्रीला लागून सकाळी टप टप खाली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं चुना मार, वास जाईल. मारला. डोळ्यांतून पाणी! बारावी सायन्सला असलेला भाचा खिडकीतून म्हणाला, "मामा, अमोनियम सॉल्ट अधिक चुना, लॅबमध्ये अमोनिया असाच बनवतात." चुना लागणे हा वाक्प्रचार मला तेव्हा पूर्ण कळला. मग ताडपत्री वरून वीतभर खाली घेतली, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर वारा खेळेल इतकी, ओली गादी काढून नवी घातली आणि रोज मूठभर बाजरी त्यात फेकायला लागलो, की बायांनो उकरा. उकरतात. माझ्यापेक्षा मन लावून काम करतात.

आता माझी सकाळ अशी. चहाच्या आधी, रंगारी लांबी भरायला वापरतात ती पत्र्याची पट्टी घेऊन दांडीखालचा ट्रे खरवडायचा, माल घमेल्यात. मग गादीतला भुसा मुठीत घट्ट दाबायचा, मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, लाडू राहिला तर ओल जास्त. त्यातून मला शीट वाचता यायला लागली. घट्ट, वर पांढरी टोपी, ही उत्तम. दिवसातून काही वेळा चॉकलेटसारखी पातळ आणि भयंकर वासाची पडते, तीपण नॉर्मल. हे माहीत नव्हतं तेव्हा मी तिचे सहा फोटो काढून डॉक्टरांना पाठवले होते आणि ते फोनमध्ये तसेच राहिले. फोनने एक दिवस आपणहून 'सुंदर आठवणी' म्हणून त्यांचा व्हिडिओ केला, वर संगीत. साडूच्या एकसष्टीला बायको टेबलावर सगळ्यांना महाबळेश्वरचे फोटो दाखवत होती. पुढचं लिहीत नाही.

काकांची खुर्ची ऑगस्टमध्ये परत बाहेर आली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना गुलाबासाठी घमेलंभर ताजा माल दिला. ताजं कोंबडीखत फार तेज असतं, काही महिने कुजवल्याशिवाय मुळाशी घालायचं नसतं. हे मी गुलाब जळाल्यावर वाचलं. खुर्ची आत गेली.

पण गादी जमली होती हो. ऑक्टोबरपर्यंत खाली काळपट, भुसभुशीत, वास घेतला तर पहिल्या पावसानंतरच्या शेतासारखा, मी पाहुण्यांना मुठीत घेऊन दाखवायचो आणि पाहुणे चहा ठेवून निघायचे. आणखी काही महिने मुरू द्यायची, उन्हाळ्यात काढून काकांना द्यायची, असा बेत होता. घटस्थापनेच्या आधी दोन दिवस ट्रेनिंगला नाशिकला गेलो. परत आलो, मागचं दार उघडलं.

फरशी. ओली, लखलखीत शहाबादी फरशी. पाची जणी दांडीवर पाय आखडून बसलेल्या, खाली उतरायला एक तयार नाही.

"तीन तास लागले," आई पदराने हात पुसत म्हणाली. "नवरात्र बसतंय, म्हटलं एवढंच कशाला राहायला हवं. फिनेल नाही टाकलं हो, तू ओरडतोस म्हणून."

"आई, भुसा?"

"सहा पोती निघाली! घंटागाडीत दिली. त्या ताई विचारत होत्या, ओला कचरा की सुका."

"मग?"

"म्हटलं सुका. आमच्या ह्याने पाच महिने खपून सुकवलाय."