विनावेतन इंटर्नशिप आणि ज्यांना ती परवडते ते

आज मुलाबरोबर त्याच्या महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय संस्थांमधील करिअरविषयीच्या मार्गदर्शनाला गेलो होतो. वक्त्यांनी सांगितले की संयुक्त राष्ट्रसंघात शिरायचे असेल तर विनावेतन इंटर्नशिपकडे स्वतःसाठी केलेली गुंतवणूक म्हणून पाहा. तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मॅडम, पण पोरगी तिकडं सहा महिने राहणार कुठं?" सभागृह हसले, मॅडमही हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्या हसण्याने माझे डोके फिरले आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझी भाची नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडच्या पाड्यांवर कुपोषित बालकांच्या नोंदींचे काम करीत होती. चढ चढून जायचे, बाळाचे वजन घ्यायचे, दंडाचा घेर मोजायचा आणि रजिस्टरातला आकडा प्रत्यक्षाशी का जुळत नाही याचा छडा लावायचा, यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. जिनेव्हातल्या एका मोठ्या संस्थेने तिला इंटर्नशिपसाठी निवडले, तेव्हा ताईने गल्लीभर पेढे वाटले. मग पत्र नीट वाचले गेले. वेतन नाही, विमानाचे तिकीट स्वतःचे, विमा स्वतःचा, राहण्याची सोय स्वतःची. आमचे भाऊजी जिल्हा परिषदेत कारकून आहेत; तिथल्या एका खोलीच्या महिन्याच्या भाड्यात त्यांचा दोन महिन्यांचा पगार गेला असता. तिने आभार मानून नकार कळवला.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २३ मध्ये, काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क आहे असे लिहिले आहे. तो ज्या संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारला, त्याचे सचिवालय, म्हणजे मुख्य कारभार पाहणारे कार्यालय, आपल्या इंटर्नना आजही एक पैसा देत नाही. २०१५ मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा इंटर्न जिनेव्हात तंबू ठोकून राहतो, ही बातमी जगभर गाजली. लोकांचे लक्ष वेधणे हाही आपला हेतू होता, असे त्याने नंतर सांगितले. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून इंटर्नना भत्ता देते, युनिसेफही देते, हे मान्य. मग सचिवालयाला काय अडचण आहे?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम १०१ मध्ये कर्मचारी शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर निवडावेत, असे म्हटले आहे. उमेदवार कोणत्या देशाचा हे तिथे मोजले जाते. त्या देशातल्या कोणत्या घरातला, हे कोणी मोजत नाही. त्यामुळे ज्यांच्या वडिलांना सहा महिने युरोपात खर्च झेपतो, ती मुले भारताच्या नावाने जातात, ओळखी करून येतात, आणि पुढे अनुभवाच्या रकान्यात तेच सहा महिने लिहितात. धडगावचे पाडे तुडवलेली मुलगी मात्र त्या रकान्यात कमी पडते! त्या मुलांचा दोष नाही, त्यांतली काही खरोखर हुशार असतात, पण मला त्यांचे कौतुक आज करवत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीसाठी परीक्षेचा मार्ग आहे, हेही खरे. तरुण व्यावसायिकांसाठीच्या त्या परीक्षेला वय बत्तीसपर्यंत चालते. फक्त परीक्षेला पात्र देशांच्या त्या वर्षीच्या यादीत आपला देश असावा लागतो, आणि ते आपल्या हातात नसते.

इथवर लिहून मी चहा करून आलो, राग थोडा उतरला, आणि संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस पिकांच्या नमुना पाहणीचे काम देशात वर्षानुवर्षे करून, १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग सांभाळायला गेला. त्यांना कोणी फुकट झेरॉक्स काढायला बोलावले नव्हते. लंडनची डॉक्टरेट त्यांच्यापाशी होती आणि काळही वेगळा होता, पण ते गेले ते हातात विद्या घेऊन. आजही संयुक्त राष्ट्रसंघातल्या पी-३, म्हणजे मधल्या फळीतल्या अधिकारी दर्जाच्या पदाला साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो अनुभव जिनेव्हातच मिळवावा अशी अट नाही. हे त्या मॅडमनी सांगायला हवे होते.

भाची सध्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकते आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, जायचं तर आहेच, पण पगार घेऊन." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, तो सगळा माझ्याच वाट्याला आलेला दिसतो.

ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजनेचे अर्ज पाहावेत. तिचे मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, स्वयंसेवकाला निर्वाहभत्ता मिळतो आणि देशातल्या देशातही नेमणुका होतात. २०२५ पासून निधी आटल्यामुळे पदे कमी होत आहेत, तेव्हा वर्षभरात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांपासून दूर राहा. संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून शुल्क घेत नाही. कोणी पैसे मागितले तर तो भामटा समजा, आणि अर्ज भरताना अडलात तर मला निरोप टाका. भाचीला फोन करून विचारून सांगेन.