टाइम अँड टाइड मधली ‘भरती’ कुठून आली?

शाळेच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’ (वेळ आणि टाइड, म्हणजे आजच्या अर्थाने भरती, कुणासाठी थांबत नाहीत) ही म्हण म्हणे खलाशांनी भरती बघून काढली, मग चॉसर या जुन्या इंग्रज कवीने ती लिहिली, आणि लाटांना ‘थांबा’ म्हणणाऱ्या इंग्लंडच्या वेड्या कॅन्यूट राजाची गोष्ट तिच्यामागे आहे. खाली अंगठ्यांची रांग.

आधी भरतीचं बघू. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे सरळ वेळ, हंगाम. जर्मन लोकांचा ‘त्साइट’ त्याचाच भाऊ, आणि नाताळच्या दिवसांना यूलटाइड म्हणतात त्यात पाणी कुठे आलं? समुद्रासाठी तेव्हा फ्लड (भरती) आणि एब (ओहोटी) असे वेगळे शब्द होते, भरतीचा अर्थ टाइडला नंतर चिकटला, आणि टाइम-टाइडची जोडी १३व्या शतकातल्या लिखाणातही सापडते. म्हणजे आपण ‘वेळकाळ बघून बोल’ म्हणतो ना, तसलंच प्रकरण, एकच गोष्ट दोनदा, कानाला बरी लागते म्हणून. वेळकाळमधली वेळ कुठली आणि काळ कुठला असं कोण फोडून सांगत बसतं?

चॉसर. कँटरबरी टेल्स या त्याच्या गोष्टींच्या काव्यात, क्लार्क नावाचं पात्र सांगतं त्या गोष्टीत तो एवढंच म्हणतो की झोपा, जागे राहा, भटका नाहीतर घोड्यावर फिरा, काळ पळतोच, कुणासाठी थांबत नाही. टाइड त्यात नाहीच.

कॅन्यूट वारला १०३५ मध्ये, गोष्ट लिहिली हेन्री ऑफ हंटिंगडन या इतिहासकाराने १२व्या शतकात, आणि त्यातला राजा वेडा नाहीये, पाय भिजल्यावर तोच म्हणतो की राजांची सत्ता पोकळ असते. बिचारा उगाच बदनाम.

फॉरवर्डच्या शेवटी ‘म्हणून धीर धरा, हेही दिवस जातील’ असं आहे, ते तर साफ उलटं. ही म्हण धीर द्यायला नाही, कामाला ढकलायला वापरतात, म्हणजे ‘फॉर्म उद्या भरतो’ म्हणत लोळणाऱ्याला.

आता खरं सांगायचं तर आज इंग्रजांच्याही डोळ्यासमोर समुद्रच येतो आणि तो अर्थ बसतोही छान, खाडीतली होडी भरतीला बाहेर काढायची राहिली की पुढच्या भरतीपर्यंत साडेबारा तास बसा. पण वेळ आणि भरती एका शब्दात यायला खलाशी कशाला हवेत? संस्कृतात ‘वेला’ म्हणजे वेळ, किनारा आणि भरतीसुद्धा, आणि गोव्यात बीचला कोंकणीत अजून दर्यावेळच म्हणतात.