चौथं नाव

जून उजाडला की चोपड्याहून दादाचा फोन येतो आणि दोन खर्चांचा विषय निघतो: कपाशीचं बियाणं आणि पोरांच्या वह्या-दप्तरं. दोन्ही एकाच पंधरवड्यात. कापसाचा पैसा तोवर कधीच संपलेला असतो.

यंदा पुतण्या दहावीला गेला. नववीची पुस्तकं कुणाला दिली, असं विचारलं तर वहिनी म्हणाली, "रद्दीत घातली. आते जुनं कोन वापरस, ताई?" त्याच आठवड्यात शेजारची मुलगी नववीत गेली आणि तिच्या वडिलांनी सगळा संच नवा कोरा विकत आणला. फुकट पुस्तकं आठवीपर्यंतच मिळतात, पुढची खिशातून घ्यावी लागतात. दोन घरांमध्ये एक भिंत आहे. मला रात्रभर ते डाचत राहिलं.

इथे श्टुटगार्टला माझ्या लेकीचं गणिताचं पुस्तक शाळेच्या मालकीचं आहे. आतल्या बाजूला शाळेचा शिक्का, त्याखाली रेघा आखलेल्या: नाव, वर्ग, वर्ष, पुस्तकाची अवस्था. तीन नावं आधीची, चौथं तिचं. एका पानावर आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं सोडवलेलं उदाहरण खोडलंय, पण उजेडात धरलं की अजून वाचता येतं. पुस्तक भिजलं, फाटलं तर भरपाई आपण द्यायची. त्यामुळे पहिल्याच दिवशी कव्हर चढतं, आणि ते कुणाला सांगावं लागत नाही.

गावाकडे पुस्तकांवर वाद झाला तो दप्तराच्या ओझ्याचा. 2023-24 पासून राज्य सरकारनं दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. मग मुलं ती वापरत नाहीत, वह्या वेगळ्या आणाव्याच लागतात, अशी ओरड झाली आणि जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला. दोन्हीकडून वजनावर बोललं गेलं. माझं दुखणं वेगळं होतं. ज्या पुस्तकात लिहायचं ते पुस्तक त्या वर्षापुरतंच, ते पुढच्या मुलाच्या हाती देता येत नाही. पानं गेली हे चांगलंच झालं.

फुकट पुस्तकांना मात्र कुणी हात लावू नये. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कित्येक घरांत तेवढंच एक पुस्तक असतं. ते पोराकडेच राहू द्या. मी बोलतेय ते नववी-दहावीबद्दल, आणि विकतची पुस्तकं घेणाऱ्या शहरातल्या शाळांबद्दल. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक निरुपयोगी होतं, हे खरं. पण तो दरवर्षी बदलत नाही.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. सप्टेंबरच्या यादीत प्रत्येक विषयाच्या वहीला वेगळ्या रंगाचं प्लास्टिक कव्हर असतं, त्याचा मला राग येतो. दप्तराची किंमत दादाला सांगायची सोय नाही. पण ते दप्तर प्राथमिकची चारही वर्षं टिकतं. वह्या घेताना मी 'निळा देवदूत' हा शिक्का बघते. 1978 पासून चालत आलेलं हे पर्यावरणाचं चिन्ह वहीवर असलं की कागद जुन्या कागदापासून केलेला असतो.

आणि हे सगळं आपल्याकडे नव्हतं का? आबा मे महिन्यात आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभणानं शिवायचे, वर कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. ती आमची रफ वही. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून निम्म्या किमतीत यायची, फाटकी असली तर पाव किमतीत. दप्तराची चेन बिघडली की मोची नुसता रनर बदलून द्यायचा. आता पुतण्याचं दप्तर दिवाळीलाच माळ्यावर जातं, आणि रनर सोडला तर त्याला काहीही झालेलं नसतं.

अडचण एकच खरी वाटते. आपली पुस्तकं पातळ, पहिल्या पावसातच कोपरे वळतात. इथल्यासारखी जाड पुठ्ठ्याची बांधणी नाही. म्हणून या वेळी दादाला म्हटलं, दहावीचा संच शाळा सुरू व्हायच्या आधी बांधायला टाक. तो टाकतोय, शनिवारी. मार्चमध्ये परीक्षा झाली की हीच पुस्तकं शेजारच्या मुलीकडे जायची, असं दोन्ही घरांत ठरलंय. पुतण्याला सांगितलंय, पहिल्या पानावर नाव अगदी वर लिही. खाली तिच्यासाठी जागा ठेव.