सायलेन्सर हवा, आवाजासकट

ऑकलंडमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा बडोद्यात दुपारचे अडीच झालेले असतात. रात्री नऊला तिकडच्या तरुण मंडळींना गाडीविषयी बोलायची हुक्की येते आणि दुपारी अडीचला इकडच्या निवृत्त माणसाला वरणभातानंतरची झोप येते. पृथ्वी गोल आहे याचा मला झालेला हा एकमेव त्रास.

"मामा, झोपला नाहीस ना? तुला एक पाइपचं विचारायचं होतं."

भाचीने नेमका शब्द वापरला. पाइप म्हटलं की मी उठून बसतो. उभा जन्म कारखान्याच्या पाइपिंग डिपार्टमेंटमध्ये गेला. वाफ, नाफ्था, गरम तेल, काय काय वाहून नेलं. निवृत्त झाल्यापासून मात्र घरात माझा सल्ला बेसिनखालच्या गळतीपलीकडे कोणी विचारलेला नाही, आणि तिथेही शेवटी प्लंबरच येतो.

तिने जपानहून आलेली एक जुनी माझदा आरएक्स-७ घेतली होती, १९९३ची, म्हणजे वयाने तिच्यापेक्षा मोठी. तिला त्या गाडीचा सायलेन्सर बदलायचा होता. "मूळचा सायलेन्सर फुटलाय का?" मी विचारलं. "नाही." "गंजलाय?" "नाही रे." "मग?" यावर ती गप्प बसली. मुलगी नकार देते आणि कारण सांगत नाही, तेव्हा जसं घरात सगळ्यांना कळतं, तसं मलाही कळलं.

या गाडीच्या इंजिनात पिस्टन नाही. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलच्या डोक्यातून निघालेलं हे रोटरी इंजिन. त्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका लंबुळक्या पोकळीत फिरतो. माझदाने १९६७पासून ते गाड्यांत बसवलं, आणि १९९१ साली असलंच, पण चार रोटरचं इंजिन लावून त्यांच्या ७८७बी गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली. भाचीच्या गाडीत रोटर दोनच, ६५४ सीसीचा एकेक, आणि वर दोन टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. पिस्टनच्या इंजिनात धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतो, तो थोडा थोडा उघडतो. इथे दारच नाही. पोकळीच्या भिंतीला भोक आहे; रोटरचा कोपरा भोकावरून सरकला की आतला गॅस धाडकन बाहेर. त्यामुळे तो गॅस पिस्टनवाल्यापेक्षा जास्त गरम आणि जास्त आरडाओरडा करणारा. पहिली थोबाडीत टर्बो खातो, उरलेली सायलेन्सरने खायची.

मी माझ्या खात्याला शोभेल असं उत्तर दिलं, "पाइपातली दाबाची घट, म्हणजे प्रेशर ड्रॉप, कमी करायचा. पाइप मोठा टाक. विषय संपला."

विषय तिथे सुरू झाला. टर्बोच्या मागचा रस्ता मोकळा केला की टर्बो खूश होतो, हे खरंच. पण तो फारच मोकळा केला तर आवरत नाही. जास्तीचा गॅस टर्बोला वगळून बाजूने काढायला वेस्टगेट नावाची चोरवाट असते, ती या गाडीत लहान. मग कंपनीने ठरवलेला १० पीएसआयचा, म्हणजे आमच्या भाषेत ०.७ केजीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, तिथे थांबत नाही, वर सरकत राहतो. हवा वाढली, पेट्रोल पुरेना, की इंजिनात अवेळी भडका. रोटरच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक सीलची पट्टी असते, दोन रोटर मिळून ६, जाडी २ मिलिमीटर. त्या भडक्यात यातली एक तडकली की पूर्ण इंजिन उतरवा. सायलेन्सरच्या पैशात सुरू झालेलं काम इंजिनच्या पैशात संपतं. हे वाचल्यावर मी तिला बजावलं, मागचा भाग बदल, टर्बोलगतचा डाउनपाइप बदल, पण मधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर साफ करणाऱ्या आणि त्याची वाट जराशी अडवणाऱ्या डब्याला, हात लावू नकोस. तो राहिला तर बूस्टही जागेवर राहतो आणि पोलिसही.

पोलिसांची काळजी दोन्हीकडे सारखी. तिकडे गाडीच्या तपासणीत सायलेन्सरचा आवाज ९० डेसिबलच्या आत लागतो. इकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खालच्या मजल्यावरचा मुलगा बुलेट बाळगून आहे. त्याला हे कलम तोंडपाठ आहे, आणि ते का पाठ आहे हे मी विचारलं नाही. तो स्वतःहून आमच्या सल्लागार मंडळात सामील झाला. "काका, स्ट्रेट पाइप घ्या, मध्ये डबाच नाही. मजा येईल." मजा कोणाला येईल, ते त्याने सांगितलं नाही.

मग याद्या आल्या. टायटॅनियमचा सायलेन्सर हलका, पण किंमत ऐकून माझ्याच हातातून फोन सुटला. साध्या लोखंडाचा स्वस्त, पण समुद्राकाठच्या ऑकलंडात तो कितीसा टिकणार? स्टेनलेसवर माझं एकमत झालं. आत भोकाभोकांची सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर असली तर गॅस सरळ जातो, पण रोटरीच्या उष्णतेत ती लोकर लवकर जळून उडते आणि वर्षभरात सभ्य सायलेन्सर बेवडा होतो. मी पाइप तापून किती वाढेल याचंही गणित करून पाठवलं. स्टेनलेसचा मीटरभर पाइप ६०० अंशांनी तापला तर साधारण सेंटिमीटरभर लांबतो, म्हणून रबरी हँगर हवेतच. भाचीने त्या मेसेजला अंगठा दाखवला आणि खाली सायलेन्सरच्या आवाजाचे व्हिडिओ पाठवले.

तिला खरं तर थांबलेल्या गाडीचा तो 'ब्रॅप ब्रॅप ब्रॅप' आवाज हवा होता. तो कुठल्याच सायलेन्सरमध्ये मिळत नाही. इंजिन उघडून आतली भोकं मोठी कोरली, की धूर जायची आणि हवा यायची वेळ एकमेकीवर चढते आणि इंजिन अडखळत चालतं. तो आवाज त्या अडखळण्याचा. हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ फक्त ऑकलंडचा पाऊस ऐकू आला.

व्हिडिओ ऐकायचं काम हिने घेतलं. ही म्युझिक कॉलेजची. सयाजीरावांनी १८८६ साली काढलेल्या गायनशाळेचं पुढे झालेलं कॉलेज ते, उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या गावातलं, तेव्हा कानाच्या बाबतीत घरात अपील नाही. "फोनच्या स्पीकरला खर्ज पेलत नाही," असं म्हणून हिने रियाजाचा मोठा स्पीकर जोडला. दांडिया बाजारातली दुपार म्हणजे कुत्रीसुद्धा ओट्याखाली गेलेली असतात. त्यात आमच्या तिसऱ्या मजल्यावरून दोन टर्बोची आरएक्स-७ मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना गेली. शेजारचे पटेलकाका बनियनवर दारात. "शुं थयुं? पाणीनी मोटर गई?" सोसायटीच्या पंपाचं बेअरिंग गेलं तेव्हा अगदी असाच आवाज आला होता, हे हिलाही मान्य करावं लागलं. पटेलकाका मात्र आत आले, खुर्ची ओढली, चहा घेतला आणि शेवटपर्यंत ऐकून गेले.

हिचे निकाल कडक. एक सायलेन्सर "नाकात गातो". दुसरा "वर गेला की फाटतो". तिसरा, दोन डब्यांचा, स्टेनलेसचा, ८० मिलिमीटर पाइपचा, "घराण्यातला वाटतो". भाचीने तोच घेतला. माझं प्रेशर ड्रॉपचं गणित या निर्णयात कुठे होतं, ते मी आजही शोधतोय.

बसवल्यावर पहिल्याच मोठ्या फेरीनंतर फोन. अडीचलाच. "मामा, डोकं दुखतंय. शंभरच्या स्पीडला गाडीत नुसता हूंऽऽ भरतो." इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला किती? साधारण ३५००. दोन रोटर, दांड्याच्या एका फेरीत धुराचे दोन ठोके. म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ ठोके. कागदावर मी हा आकडा लिहीत होतो तेवढ्यात हिने व्हिडिओ ऐकून तंबोरा पुढे ओढला, खर्जाची तार छेडली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. काळी पाचचा खर्ज. तोच सूर, केसाचाही फरक नाही. पाच हजार डॉलरच्या यंत्राने जे मोजायचं, ते हिने एका बोटाने मोजलं.

या दुखण्यावर औषध आहे, आणि ते पाइपच आहे, याचा मला झालेला आनंद घरात कोणाला समजला नाही. सायलेन्सरच्या मुख्य नळीला एक फांदी जोडायची, टोकाला बंद. आवाजाची लाट फांदीत शिरते, बंद टोकावर आपटून उलटी येते आणि मुख्य लाटेला गाठून मारते. लांबी मात्र लाटेच्या बरोबर पाव हवी. गरम गॅसमध्ये आवाज जास्त वेगाने पळतो, त्यामुळे तापमान धरून हिशेब केला. ९० सेंटिमीटर ते एक मीटरच्या मध्ये उत्तर आलं. तिकडे करून घ्यायचं तर मजुरी ऐकवत नाही. मी सरळ मकरपुरा जीआयडीसी गाठली.

ज्याच्याकडून मी आयुष्यभर हीट एक्स्चेंजर करून घेतले, तो फॅब्रिकेटर ड्रॉइंग उलटसुलट करून बघत होता. "साहेब, आ बाजु बंध? तो गॅस क्यां जशे?"

"क्यांय नै."

"प्रेशर?"

"नाहीच म्हण."

"तो पछी हायड्रोटेस्ट नथी करवानो?" पाणी भरून दाबाची चाचणी घ्यायची नाही, याची त्याच्या आवाजात खरी हळहळ होती. तरी त्याने कुठल्याशा केमिकल कंपनीच्या ऑर्डरमधून उरलेला ३०४ स्टेनलेसचा तुकडा काढला, गाडीखाली मावेल असा इंग्रजी जे-सारखा वाकवला आणि आर्गन वेल्डिंगने असा काही सांधा मारला की शिवण बोटाला लागेना. टोपी बसवताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, एवढंच त्या नजरेत होतं.

पाइप घेऊन जाणार होती ताई, भाचीची आई. पुढच्या आठवड्यात तिचं ऑकलंडचं तिकीट होतं. तिने बॅग उघडी टाकून पाइपाकडे आणि लोणच्याच्या बरणीकडे आळीपाळीने पाहिलं. मी समजावलं, तिकडे विमानतळावर खाण्याचा पदार्थ जाहीर करावा लागतो, तपासणी होते. पाइपाला कोणी हुंगत नाही. ताई अठ्ठावीस वर्षं रावपुऱ्याच्या गर्दीतून स्कूटर चालवते आहे.

"हा आवाज कधी येतो म्हणालास?"

"शंभरला. चौथ्या गिअरमध्ये."

"त्या गाडीला पाचवा नाही?"

आहे. पाचव्यात त्याच वेगाला फेऱ्या अडीच हजारांवर येतात आणि तो सूर जागचा हलतो. मी काही बोलायच्या आत ताईने फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडे रात्र बरीच झाली होती.

"अगं, पाचवा का नाही टाकत?"

"आई, पाचव्यात आवाजच येत नाही!"