सावलीतल्या झुडपांना एप्सम सॉल्ट घालण्याआधी

पावसाळा जवळ आला की व्हॉट्सअॅपवर हा सल्ला फिरू लागतो: ‘सावलीतली सदाहरित झुडपं पिवळी पडलीत? दर रविवारी बुंध्यात मोठा चमचाभर एप्सम सॉल्ट, वर उरलेली चहापूड, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि पाऊस लागताच निम्मी छाटणी. पंधरा दिवसांत झाड हिरवंगार!’ यातली एकच गोष्ट बरोबर आहे, तीही अर्धीच.

सगळ्यात घातक सूचना पाण्याची. सावलीत ऊन-वारा कमी, त्यामुळे पान कमी पाणी उडवतं आणि मातीही उशिरा सुकते. रोज दोन वेळा पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. मालकाला वाटतं तहान लागली, आणि तो आणखी पाणी ओततो. गोव्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, त्यात वाफा घराच्या वळचणीखाली असेल तर छपराचं पाणीही तिथेच पडतं. लाल माती एरवी पाणी सोडते. पण खाली सलग चिरा (जांभा दगड) किंवा बांधकामाचा राबिट (पडलेला मलबा) असेल तर वाफ्याचं टाकं होतं.

तपासणी सोपी आहे. वाफ्यात 30 सेंमी खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला 2-3 सेंमीसुद्धा पाणी उतरत नसेल तर निचरा वाईट. मग झुडपाच्या एका बाजूची माती उकरून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते आणि वासही येतो. असं झुडूप मातीच्या गोळ्यासकट उचला, कुजकी मुळं कापा आणि वाफा 20-25 सेंमी उंच करून पुन्हा लावा. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड नदीची रेती हे मिश्रण चालतं. समुद्राची रेती मात्र नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुनाही. लावल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणात मुळांशी ओता. बुंध्याची मान पूर्वीपेक्षा खोल पुरू नका.

जुन्या आंब्या-फणसाखाली मात्र उलटंच घडतं: मार्च ते मे मोठ्या झाडाची मुळं सगळी ओल पिऊन टाकतात. तिथे आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी द्या. आधी बोट 5 सेंमी मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते मॅग्नेशियमच्या कमतरतेवरच चालतं, आणि पावसाने धुपलेल्या चिऱ्याच्या जमिनीत ती कमतरता खरोखर असते. अर्धं बरोबर ते एवढंच. तेव्हा खालची, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी होतात. लिटरला 5 ग्रॅम घेऊन पानांवर फवारा, महिन्यातून एकदा पुरे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. इक्झोरा (आपली पिटकोळी) आणि अनंत सिमेंटच्या भिंतीलगत लावले की हे हमखास होतं, कारण भिंतीतला चुना मातीत उतरतो आणि लोह अडवतो. त्यावर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा, ताजंच वापरा. इथे एप्सम सॉल्ट कितीही घातलं तरी फरक पडत नाही. उलट दर आठवड्याला चमचाभर घालत राहिलात तर मॅग्नेशियम वाढून कॅल्शियम आणि पोटॅशियम झाडाला मिळेनासं होतं.

चहापुडीवर फार शब्द खर्चायची गरज नाही. दूध-साखरेची पूड मुंग्या बोलावते आणि मुंग्या मिलीबग (रस शोषणारी पांढरी कीड) पोसतात. मिलीबग जो चिकटा सोडतात त्यावर काळी काजळी धरते आणि आधीच कमी असलेला उजेडही पानाला मिळत नाही. पूड धुऊन कंपोस्टात टाका. मिलीबगसाठी निंबोळी तेल 5 मिली आणि द्रव साबण 1 मिली, लिटरभर पाण्यात.

छाटणीचा मुहूर्तही चुकलाय. सावलीतल्या झुडपाकडे अन्नाचा साठा तुटपुंजा; निम्मी पानं काढली तर झाड अन्न बनवणार कशावर? शिवाय जून-जुलैत ताज्या जखमेवर बुरशी लगेच बसते. मेलेल्या फांद्या कधीही काढा. नखाने साल खरवडून खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. बाकी छाटणी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर: सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश, बुंध्यापासून. जाड कापावर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र, प्लास्टिकच्याच भांड्यात. पोफळीवर बोर्डो मारणाऱ्या कुळागरवाल्याला हे सांगावं लागत नाही, फक्त त्याचं मिश्रण याहून पातळ असतं.

राहिले पंधरा दिवस. पूर्ण पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. सुधारणा नव्या पालवीवरून कळते, आणि तिला दीड-दोन महिने लागतात. आतली दोन-चार जुनी पानं गळणं सदाहरित झाडालाही नेहमीचंच. जास्वंद आणि बोगनवेल मात्र सावलीत कशानेही सावरणार नाहीत. त्यांना दिवसाला पाच-सहा तास ऊन लागतं. ऑक्टोबरात अंगणात हलवा आणि त्या जागी ड्रासिना लावा.