ल्योंची शेड आणि आपलं वॉटसन हॉटेल

भाच्याकडे ल्योंला पाच दिवस राहून आले. आपल्याकडचे लोक फ्रान्सला गेले की पॅरिस बघतात आणि तिथून थेट स्वित्झर्लंडची बस धरतात, ल्योंला उतरत कुणी नाही, आणि मला हे अजिबात पटत नाही म्हणून एवढं लिहितेय.

रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमाचं हे गाव. रोन आल्प्सकडून येते, जोरात, आणि सोन एकदम संथ. रोमन लोकांनी इ.स.पू. ४३ मध्ये वसवलं, सम्राट क्लॉडियसचा जन्म इथलाच. फूर्विएर टेकडीवरचं दोन हजार वर्षांचं रोमन थिएटर अजून वापरात आहे, उन्हाळ्यात तिथे कार्यक्रम होतात.

पण माझा जीव अडकला तो क्रुआ-रूसमध्ये, म्हणजे रेशीम विणणाऱ्यांच्या टेकडीवर. तिथल्या घरांची छतं चार-चार मीटर उंच, का तर जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणणारा, माग उभा राहायला हवा! येवल्यात पैठणीच्या मागावर जे जॅकार्ड बसवतात ना, ते नाव ल्योंच्याच जोसेफ-मारी जाकारचं, भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा त्याचा माग १८०४ चा. इमारतींच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात, रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजवता त्यातूनच खाली न्यायचे. १८३१ मध्ये ठरलेला मजुरीचा दर द्यायला व्यापाऱ्यांनी नकार दिला तेव्हा हे विणकर उठले आणि त्यांनी काही दिवस अख्खं शहर ताब्यात ठेवलं, १८३४ मध्ये परत उठले तेव्हा मात्र सैन्याने शेकडो माणसं मारली. त्या अंधाऱ्या बोळात उभी होते तेव्हा खरंच काटा आला अंगावर.

आणि सोनच्या काठचं जुनं ल्यों, ते तर जवळजवळ गेलंच होतं. महापौरांना त्यातून मोठा रस्ता काढायचा होता, पण तिथले लोक अडून बसले आणि १९६४ मध्ये तो भाग कायद्याने संरक्षित झाला, फ्रान्समधला असा पहिलाच. १९९८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आज तिथे वर माणसं राहतात, खाली दुकानं चालतात, वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात.

शेवटच्या दिवशी भाचा म्हणाला, मावशी, आज तुला सिनेमाचं जन्मस्थान दाखवतो. ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची शेड. १८९५ मध्ये तिच्या दारातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी शूट केले, मिनिटभराचीही नाही ती फिल्म. रस्त्याचं नावच आता 'पहिल्या फिल्मचा रस्ता' आहे, आणि त्या शेडमध्ये थिएटर केलंय. ज्या दारातून ते कामगार बाहेर पडले तिथेच आत जाऊन सिनेमा बघायचा!

मी तिथे बसले आणि मला मुंबईच आठवत राहिली. कारण हीच कामगारांची फिल्म ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलमध्ये दाखवली होती, सहा फिल्म, एक रुपया तिकीट. भारतातला पहिला सिनेमा. मुंबईतले हे खेळ बघूनच फोटोग्राफर सावे दादा भाटवडेकरांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती शूट केली, म्हणजे आपल्या सगळ्या सिनेमाची नाळ त्या शेडपासून या हॉटेलपर्यंत आहे. आणि ते हॉटेल? २००५ मध्ये त्याचा भाग कोसळला, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामं केलं. इतकी वर्षं मी त्याच्यासमोरून गेले असेन आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की इथे काय घडलंय, याचं ल्योंमध्ये बसून फार वाईट वाटलं.

मला वॉटसनमध्ये तळमजल्यावर एक छोटं थिएटर हवंय. पन्नास खुर्च्या पुरे. रोज संध्याकाळी त्याच सहा फिल्म, एक रुपया तिकीट, आणि शाळांच्या सहली आधी.